मला धरून किती?

"मला धरून किती?"

जिन्याची शेवटची पायरी चढायच्या आत ती हा प्रश्न वर फेकायची. कसे आहात नाही, सुरू झालं का नाही, आधी हेच. वरून सुतारकाका ओरडून सांगायचे, "तुला धरून सात!" की ही चढलेला जिना तशीच उतरायची आणि रस्त्यावरून तीन माणसं हुडकून आणायची.

रस्त्याच्या वळणावर सुतारकाकांचा कारखाना. खाली करवती, रंधे आणि गुडघाभर भुसा. वर एक लांबट खोली, चार खिडक्यांची, लाकडी जमिनीची. एरवी तिथे खुर्च्यांना पॉलिश व्हायचं. पण रविवारी दुपारी चारला तिथे गाणं व्हायचं; गाणारी मंडळी त्याला गिग म्हणायची. स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी, स्वतःच वाजवणारी मंडळी यायची. त्यांच्यामागे ना कंपनी, ना फोटोवाले. आठवडाभर कुणी विजेची कामं करायचं, कुणी दवाखान्यात सुया टोचायचं, कुणी शाळेत भूगोल शिकवायचं, आणि रविवारी ही माणसं गिटार आणि ड्रम घेऊन उभी राहायची.

सुतारकाकांचा नियम एकच होता. कारखान्यात पडून राहिलेल्या दहा खुर्च्या ते वर मांडायचे. एकीसारखी दुसरी नाही. त्या दहाही खुर्च्यांवर माणूस बसला, की काका लाकडी हातोडा खांबावर मारायचे आणि गाणं सुरू. साडेचारपर्यंत नऊच भरल्या, तर ज्याने त्याने आपलं सामान आवरायचं. काकांचा धाकटा भाऊ एके काळी गायचा. एकदा तो रिकाम्या खुर्च्यांसमोर दीड तास गायला आणि पुन्हा कधी गायला नाही. "रिकाम्या खुर्चीसमोर माझ्या घरात कुणी गाणार नाही," काका म्हणायचे. यावर कुणी वाद घालत नसे.

ती शिकत होती इमारती बांधायचं. तिसरं वर्ष. बोटांना कायम पेन्सिलीची काजळी, काखेत नकाशांची नळी. पहिल्यांदा तिथे आली ती ड्रॉइंग बोर्डाचा मोडका पाय दुरुस्त करून घ्यायला. वरून आवाज आला म्हणून डोकावली, तर काका म्हणाले, "बस गं पोरी, एक कमी आहे." बसली ती शेवटचं गाणं संपेपर्यंत. बोर्डाचा पाय तिथेच राहिला आणि ही पुढची दोन वर्षं येत राहिली.

तिला गाणं आवडायचं, असं म्हणणं म्हणजे माशाला पाणी आवडतं म्हणण्यासारखं. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतक्या जवळ बसून, गाणाऱ्याचा चुकून घेतलेला श्वाससुद्धा तिला हवा असायचा. घरी मोबाइलवर काय हवं ते मिळत होतं, पण ती म्हणायची, "त्यात कुणी चुकत नाही. ते काय ऐकायचं!" आणि माणसं गोळा करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुट्टीवरचा पोस्टमन तिने आणला. औषधवाल्याची सून आणली. एकदा बस थांब्यावर कडाकडा भांडणारं जोडपं वर घेऊन आली. "भांडण वर चालू ठेवा," त्यांना म्हणाली, "ड्रमच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही." ते दोघं पुढे दर महिन्याला येऊ लागले. गाणारी मंडळी तिला मोजणीवाली म्हणायची.

घरात मात्र तिच्या या नादाचं कौतुक नव्हतं. मामा आला की हटकून विचारायचा, "काय गं, गाणी ऐकून पोट भरतं का?"

"पोट नाही मामा, खुर्ची भरते."

आई तोंडाला पदर लावून हसायची. वडील हसायचे नाहीत.

वडील लाकडाच्या वखारीत मोठ्या पट्ट्याच्या करवतीवर. सव्वीस वर्षं झाली. ओंडका कुठून धरला तर फळीवर रेषा कशा उमटतील, हे ते साल बघून सांगायचे. आख्ख्या वखारीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. पण सव्वीस वर्षांत त्या करवतीने त्यांचा डावा कान खाल्ला होता आणि उजवाही अर्धा कुरतडला होता. सगळ्यात आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली. लेक लहान असताना अंगणातून हाक मारायची, बारीक आवाजात, तीही हळूहळू गेली. हाक मारताना तिचं तोंड उघडलेलं दिसायचं आणि मध्ये काहीच नसायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आणि आता हीच पोर दर रविवारी जाऊन पेटाऱ्याएवढ्या स्पीकरसमोर पहिल्या रांगेत बसते, हे कळल्यापासून ते तिच्या कानांकडे बघत राहायचे. पण का बघतात, ते काही त्यांना शब्दांत मांडता येईना. म्हणून ते एवढंच म्हणाले, "ते गिग का फिग, या रविवारपासून बंद."

नेमका तो रविवार नेहमीसारखा नव्हता. आधीचे दोन रविवार नऊच माणसं झाली होती. काकांनी स्पष्ट सांगितलं होतं, लागोपाठ तिसऱ्यांदा नऊ झाली तर वर सागवानाच्या फळ्या भरून टाकीन, लोकांना नको असेल तर मी तरी का मिरवू.

जेवताना ती म्हणाली, "बाबा, आज दहा झाले नाहीत तर कायमचं बंद होणार आहे. आज मी जाणार."

वडिलांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकू न येण्याचा त्यांना तेवढाच एक फायदा होता आणि तो ते सोडत नसत.

तिने वाद घातला नाही. उठली, नकाशाचा कागद घेतला, पट्टी लावून बोटभर उंचीची अक्षरं काढली आणि कागद त्यांच्या तांब्याला टेकवून उभा केला. मी जाणार.

"मी नको म्हणतोय," वडील म्हणाले.

"ऐकलं. आणि मी जाणार म्हणतेय." चपला घातल्या आणि गेली.

ताटावर हात सुकला तरी वडील त्या अक्षरांकडे बघत बसले. एकही रेघ वाकडी नव्हती. मग सदरा चढवला आणि निघाले, तिला हाताला धरून परत आणायला.

सुतारकाकांकडे पोचेपर्यंत सव्वाचार झाले होते. रस्ता शुकशुकाट. त्या दिवशी कुठला तरी मोठा सामना होता आणि सगळी माणसं टीव्हीसमोर चिकटली होती. वडील जिना चढून दारात उभे राहिले. लेकीची धरून नऊ खुर्च्या भरलेल्या, एक रिकामी. शाळेत भूगोल शिकवणारा गायक वायर गुंडाळायला लागला होता. ड्रमवाली नर्स घड्याळ बघत होती. काका हातोडा धरून खांबाशी उभे. आणि लेक खिडकीतून अर्धी बाहेर वाकून रिकाम्या रस्त्यावर माणूस शोधत होती.

"चल घरी," वडील म्हणाले.

ती वळली. "साडेचार व्हायला पंधरा मिनिटं आहेत. तेवढी माझी आहेत."

"मी काय सांगतोय?"

"तुम्ही चल म्हणताय. मी येत नाहीये."

आता लोकांसमोर आवाज चढवावा की नाही, या विचारात त्यांची नजर रिकाम्या खुर्चीवर गेली. पाठीच्या फळीत एक गाठ होती, बाहुली असलेल्या डोळ्यासारखी. ती गाठ त्यांच्या ओळखीची होती. मागच्या वर्षी त्यांनीच तो ओंडका चिरला होता, आणि फळी फाटेल म्हणून काकांनी घ्यायला खळखळ केली होती. वडील जवळ गेले. गाठीवरून अंगठा फिरवला. पाठ दाबून बघितली. पाय आणि बैठकीचा सांधा वाकून पाहिला. मग लाकडाचा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. खुर्चीवर बसले आणि अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलवलं. खुर्ची कुरकुरली नाही.

"सांधा बरा बसवलाय," ते म्हणायला आणि खांबावर हातोडा पडायला एकच गाठ पडली.

"दहा!" काका गरजले.

"अहो, मी खुर्ची बघत होतो!"

"बसून बघितलीत ना? मग झालं."

सगळे हसले. वायर पुन्हा उलगडली गेली. वडील उठायला लागले, तर लेक समोर येऊन उभी राहिली.

"बसा, बाबा. तुम्ही उठलात तर नऊ."

"तू मला बस म्हणतेस?"

"हो."

हसणं थांबलं. ती मागे सरली नाही. वडिलांनी तिच्याकडे बघितलं आणि इतके दिवस न निघालेले शब्द त्या अनोळखी माणसांत निघाले.

"माझे कान गेले. तुझे जायला नको."

तिने केस मागे सारले. दोन्ही कानांतून मेण लावलेले कापसाचे बोळे काढून तळहातावर धरले.

"दोन वर्षं घालतेय. दुसऱ्या रविवारापासून. तुम्ही कधी विचारलंत? वखारीच्या भिंतीवर पाटी आहे, करवत सुरू असताना कानांत बोळे घाला. ती मी रंगवली होती, चौथीत असताना. मालकांनी मला रंगीत खडूंची पेटी दिली होती. सगळ्यांनी वाचली ती पाटी. तुम्ही सोडून."

पाटी वडिलांनी रोज बघितली होती. अक्षरं सुरेख आहेत म्हणून चार जणांना दाखवलीही होती. पण बोळे नवशिक्यांनी घालायचे असतात, असं त्यांना तेव्हा वाटायचं.

तिने आपले बोळे पुन्हा कानांत घातले. पिशवीतून नवी जोडी काढून वडिलांच्या तळहातावर ठेवली आणि पहिल्या रांगेत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. वडिलांकडे पाठ करून.

गाणं सुरू झालं. कधी न येणाऱ्या बसची वाट बघणाऱ्या लोकांचं गाणं होतं ते, असं त्यांना मागाहून कळलं. शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. बारीक तारांचं वाजणं अर्ध्या वाटेत विरत होतं. पण वीजकाम करणाऱ्याच्या हातातली जाड तारांची गिटार जमिनीच्या फळ्यांतून आली, खुर्चीच्या पायांतून वर चढली आणि त्या डोळ्यासारख्या गाठीतून थेट त्यांच्या पाठीत शिरली. करवतीचा पहिला झटका अंगात शिरतो तशी. समोर लेकीचं डोकं त्याच तालावर हलत होतं. मध्येच गाणारा शब्द विसरला, तेव्हा ती इतकी मोकळी हसली, की तसं हसणं घरात कधी दिसलं नव्हतं. वडिलांनी मूठ उघडली, बोळ्यांकडे बघितलं आणि उजव्या कानात एक घातला. जो अर्धा उरला होता, त्यात.

शेवटचं गाणं संपल्यावर ती आली.

"कसं वाटलं?"

"आवडलं नाही."

"नको आवडू दे. मोजले गेलात."

"पुढच्या रविवारी मी येणार नाही."

"नका येऊ. मी दुसरा शोधीन. पण मी जाणार."

"ते कळलं," वडील म्हणाले. "तांब्याला टेकवलेलं आहे अजून."

तिने पुढच्या रविवारचं आमंत्रण लिहिलेल्या, भिंतींवर चिकटवायच्या कागदांची गुंडाळी काखेत मारली, खळीचा डबा उचलला आणि धडधड जिना उतरली. घर उजवीकडे होतं. ती डावीकडे वळली, चौकाकडे, सामना संपून माणसं बाहेर पडायला लागली होती तिकडे.

वडील जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. शेजारी काका, हातोडा काखेत धरून. वडिलांनी तिला हाक मारली. ती वळली नाही. ऐकूच गेलं नाही, की ऐकून वळली नाही, कोण जाणे. चौकात तिने सायकलवरच्या एका माणसाला थांबवलं आणि दहा बोटं पसरून त्याच्यासमोर धरली. ती काय बोलत होती ते इतक्या लांबून कुणालाच ऐकू येणार नव्हतं, धडधाकट कानांच्या सुतारकाकांनासुद्धा. वडिलांना मात्र शब्दन् शब्द ठाऊक होता. ती दिसेनाशी झाली तरी ते दोघं तिथेच उभे राहिले.