ज्वारीचा भाव

आदिलाबादला कुणी फिरायला जात नाही. मीही गेले नसते, पण मावसबहीण शैलाचा फोन आला, "तुझी गाडी आणि तुझं तोंड, दोन्ही पाहिजेत." माझ्या तोंडाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. निघाले.

नागपूरहून सकाळी निघालात तर रस्ता सरळ: हिंगणघाट, पांढरकवडा, मग पैनगंगेचा पूल. पांढरकवड्याला आलूबोंडा-रस्सा खाऊन घ्या आणि पेट्रोलही पुलाअलीकडेच भरा, पलीकडे महाग. पूल ओलांडला की पाट्यांची लिपी बदलते, शेतातला कापूस तोच राहतो.

शैला आदिलाबादेत शिक्षिका होती. आता एका लहानशा संस्थेकडून बायकांशी फोनवर बोलते. साध्या बटणांच्या फोनवरून बाईने मिस कॉल द्यायचा, शैलाने उलट फोन करून तिचं मन ऐकायचं. अडचण एकच. घरात फोन एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात. म्हणून बाया हा नंबर भलत्याच नावाने ठेवतात. भीमपूरकडच्या रेखाने तो 'कापूस भाव' म्हणून ठेवला होता.

रेखाची मुलगी गेल्या वर्षी तापाने गेली. रेखाला त्रास होईल म्हणून घरात मुलीचं नाव कुणी घेत नाही. रेखा ते घ्यायची फक्त मंगळवारी, नवरा फोन ठेवून नदीवर बैल धुवायला गेला की, शैलाजवळ.

"मग बिघडलं कुठे?"

"कापसाचा सीझन सुरू झाला," शैला म्हणाली. "एका मंगळवारी फोन त्यानंच उचलला. पहिलाच प्रश्न, भाव काय हाये? मी घाबरून एक आकडा ठोकला. तो गाडी भरून यार्डात गेला. तिथे भलताच भाव. घरी येऊन त्यानं नंबरच उडवला."

मी हसले. ती हसली नाही. तेव्हापासून रेखाचा मिस कॉल आला नव्हता. नंबर पाठ करून उपयोग नाही. बिननावाचा नंबर फोनमध्ये दिसला की चौकशी होते. तो नवऱ्याच्याच हाताने फोनमध्ये परत जायला हवा होता. शैलाचा आवाज त्याने ऐकलेला, म्हणून तोंड माझं.

भीमपूरचा रस्ता अरुंद आहे. समोरून ट्रॅक्टर आला की आरसा मिटून घ्या. आम्ही पोचलो तेव्हा नवरा मागे बैल बांधत होता. दारात आलेल्या बाईला शैला हळूच म्हणाली, "जेवली का, रेखा?"

दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. रेखाने आवाज ओळखला. "ताई?" एवढंच. नवऱ्याची चाहूल लागताच ती चहा ठेवायला आत गेली.

नवरा साधा, हसरा माणूस. खलनायक बघायला आलेल्या माझी निराशाच झाली.

"बसा ना बाई. काऊन आल्या?"

"बाजारभाव सांगतो आम्ही. नंबर ठेवा. सोयाबीनचा?"

"सोयाबीन इकलं."

"तुरीचा?"

"औंदा पेरलीच नाई. अन् कापसाचं तं नावच काढू नका. एक बाई होती, लबाड. यार्डात लोकं हासले मले."

शैला जमिनीकडे बघत राहिली. ज्यासाठी मला आणलं होतं ते तोंड बंद पडलं.

आतून रेखा म्हणाली, "ज्वारीचा ठेवा."

"येडी का काय वं? ज्वारी कुठी इकतो आपण? घरीच खातो."

"म्हून तं. तुमाले फोन उचला लागनार नाई. बाई इतक्या दुरून आल्या, त्याईचं मनबी राह्यते."

"घ्या! बायकाइचं डोकं!" तो मनापासून हसला आणि हसत हसतच त्याने नंबर टाकला. "झालं समाधान?"

त्या घरात ज्वारीचा भाव विचारायला कुणी फोन उचलणार नव्हतं. तेवढ्यासाठी ती आमच्यासमोर येडी ठरली होती. मग तिने चहा आणला.

परतीच्या वाटेवर आलूबोंडा खाल्ला नाही. नागपूरला पोचल्यावर मंगळवारची वाट बघितली. संध्याकाळी शैलाचा फोन आला. "आला मिस कॉल."

"काय म्हणाली?"

"लेकीचं नाव घेतलं. बराच वेळ तेच."

रेखाने शैलाला 'लिहू द्या' म्हटलं म्हणून लिहिते आहे. तिचं नाव बदललं आहे आणि पिकंही. तिकडच्या नवऱ्यांनी उगाच फोन तपासू नयेत.

माझ्या फोनमध्ये मन शांत करणारी तीन ॲप आहेत. ती माझा चेहरा ओळखूनच उघडतात. मुलीचं नाव मी शैलाला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नसतं.