साडूंचा महागडा फोन

खांडबाऱ्याच्या आमच्या साडूंना किमतीसकट पसंत पडेल अशी वस्तू अजून कुठल्याही कारखान्यात तयार झालेली नाही. स्वतः हार्डवेअरचे दुकानदार, त्यामुळे दुसऱ्याच्या दुकानात शिरले की त्यांना चेव येतो. कुकर बोटाने वाजवतील, चादर हुंगून बघतील आणि मग तोंड असं वाकडं करतील की विकणाऱ्यालाच आपल्या मालाची शंका यावी. मी नंदुरबारला माझा साधासा स्मार्टफोन घ्यायला गेलो तेव्हा हौसेने बरोबर आले. त्या काचेच्या थंडगार दुकानात त्यांनी घासाघीस सुरू केली, भाव तुटेना म्हणून रागारागाने उठले आणि मागून हाक येईल या भरवशावर पायरीवर चप्पल घालत बराच वेळ रेंगाळले. हाक काही आली नाही. शेवटी आपणच परत आत आले आणि प्यायला पाणी मागितलं.

महागड्या फोनवर तर त्यांचा विशेष राग. "बोलाले आन आयकाले फोन शे. इतला पैसा लेस, तर सयपाक करी देस का?" असं ते ज्याच्या त्याच्या तोंडावर विचारत.

आणि एके दिवशी याच गृहस्थाने गावातला सगळ्यात महाग फोन घेतला. मी थट्टा करायला मुद्दाम त्यांच्या घरी गेलो, तर साडू गच्चीवर, हात उंच करून फोन आभाळाला दाखवत उभे. त्यांची लेक मोलगी गावाच्याही पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर नर्स म्हणून रुजू झाली होती. तिथून फोन लागला तर लागला, आणि लागलाच तर "बाबा" म्हणेपर्यंत तुटायचा. साडू मला म्हणाले, "मोठी मोटर खोलमाईन पानी खेचस. तसाच महाग फोन दूरना आवाज खेचस." मी म्हटलं, "दादा, तिकडे टॉवरच नाही, तर तुमचा फोन काय करणार?" त्यांनी मला अडाण्यात काढलं.

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी लेक डोंगर उतरून खाली आली आणि तिचा व्हिडिओ कॉल आला. मी तेव्हा साडूंकडेच होतो. "बठ्ठं बरं शे, बाबा," ती हसत म्हणाली. साडूंनी फोन नाकाशी धरला. "खोटं नको बोलू. वाळी गयी तू. तुन्हा डोया लाल शेतस." त्यावर पोरगी हसता हसता रडायलाच लागली आणि तेवढ्यात कॉल तुटला.

"मग, परवडला का फोन?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"नुसता आवाज ऱ्हाता ना, तर पोर माले फसाडी देती," ते म्हणाले.

तोंड माझ्या साध्या फोनवरही दिसलं असतं. पण मला त्यांची फार माया आली. स्वतःच्या लग्नातही ज्याने दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवलं होतं, तो माणूस बायकोला डबा भरायला सांगत होता. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं, आणि साडू मोलगीच्या जीपमध्ये मांडीवर डबा घेऊन बसले होते.