खेचरांचा पोळा

मोठ्या लढाईत मी बसऱ्याला गेलो तो आपल्या मर्जीने. जखमींच्या गाड्या हाकायला माणसं हवी होती आणि मला मुलूख बघायची खाज होती. महाळुंग्याला घरी वडिलांनी अबोला धरला. निघताना एवढंच म्हणाले, "जा. पन पोळ्याच्या दिशी जनावराच्या खांद्यावर जू ठिवायचं न्हाई. तिकडं बी."

मी हो म्हणालो. त्यांना दिलेला शब्द मोडायची माझी छाती नव्हती.

तिकडे बैल कुठले? खेचरं होती, गाडीला दोन. लाथा झाडण्यात पटाईत, पण खांदे आमच्या बैलांसारखेच सोललेले. भादव्याची अवस जवळ आली; आमच्याकडे पोळा तेव्हाच. आदल्या दिवशी मी खेचरांची खांदेमळणी केली. हळद-तूप चोळलं आणि घरच्या रिवाजाप्रमाणे कानात म्हणालो, "आज आवतान घ्या, उद्या जेवाया या."

माझा जोडीदार खोडदचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो म्हणाला, "ह्यांना मराठी कळतं व्हय, राव?"

"तुला कळतं ना? मग डाळ शिजव."

पोळ्याच्या सकाळी नदीच्या धक्क्याला जखमींची बोट लागली. सगळ्या गाड्या जुंपायचा हुकूम सुटला. झाली पंचाईत. माणसं विव्हळत पडलेली, त्यांना थांबा म्हणायचं कोणत्या तोंडानं? आणि जू ठेवावं तर वडील डोळ्यांपुढे उभे. मी अगदी रडकुंडीला आलो. शेवटी खेचरं दावणीलाच ठेवली आणि जुवाखाली स्वतः शिरलो.

जोडीदार बघत राहिला. मग दुसऱ्या बाजूने आला. "आमच्या घरी बैल कवाच नव्हतं. पन तुझ्या बाच्या शब्दापायी वढतो."

दफेदाराने आम्हाला वेड्यात काढलं. पण जखमी इस्पितळात पोचले की त्याचं काम झालं, म्हणून त्याने अडवलं नाही. वाळूत चाकं रुतायची. दुपारपर्यंत खेपा केल्या, खांदे सोलून निघाले. गाडीतल्या एका परमुलखी शिपायाला वाटलं, खेचरं मेलीच. त्याचा जीव हळहळला. त्याला दावणीकडे बोट करून दाखवलं, पण समजावणार कसं?

संध्याकाळी पोळीचा घास दिला. माझ्या खेचराने तो हुंगला, बाजूला सारला आणि कपाळावर बांधलेलं खजुराच्या पानांचं बाशिंग खाऊन टाकलं. जोडीदार पोट धरून हसला. मला राग आला, पण पोळी वाया घालवली नाही, आम्हीच खाल्ली.

पुढच्या भादव्यात मी घरी होतो. वडिलांना सगळं सांगितलं. ते उठून बैलांना वैरण टाकायला गेले. मला वाटलं, त्यांना खरं वाटलं नसावं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही बैलांचे खांदे मळले. मग तीच हळद-तुपाची वाटी घेऊन माझ्यापाशी आले.

"कुडतं काढ."

खांद्यावर जुवाचा व्रण अजून होता. त्यावर त्यांनी सावकाश हळद-तूप चोळलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतान घ्या, उद्या जेवाया या."