चौकटी आपोआप सरकतात

कॉम्प्युटरच्या पडद्याला प्लास्टिकची फूटपट्टी लावून चौकटी ओळीत आहेत का, ते तपासणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? आमच्या मानपाड्याच्या केमिकल कारखान्यात होता. मूळचे ड्राफ्ट्समन, साठीच्या अलीकडचे. सगळे त्यांना काका म्हणत.

कारखान्यातले सगळे तक्ते काका काढत. कोण कोणाच्या हाताखाली, आग लागली तर कुठून पळायचं, कुठल्या टाकीतून काय कुठे जातं. कुणी "काका, एक चौकट वाढवा ना," म्हणत आलं, की मान न वळवता विचारत, "बाण कुठून कुठे जातो ते आधी सांग. चौकट काय, कुणीही काढेल."

पण त्या एका चौकटीपायी अख्खी दुपार जायची. चौकट सरकवली तरी बाण जागच्या जागी. नवरदेव पुढे आणि बँडवाले मागेच, तसं. शिवाय ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये ढग होता, हसरा चेहरा होता, बदाम होता. पंप तेवढा नव्हता. "या बदामाचं काय लोणचं घालायचंय?" काका चिडायचे.

शेवटी वर्षभर जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी एक फाइल केली. पंप, व्हॉल्व्ह, टाकी, सगळे आकार तयार. यादीत माणसाचं आणि त्याच्या साहेबाचं नाव लिहायचं, की तक्ता आपोआप उभा. हे करा म्हणून त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

फाइल दाखवली तेव्हा मॅनेजर होते आणि एचआरची म्हणून मी होते.

"कोणी सोडून गेलं तर?" मॅनेजरनी विचारलं.

काकांनी यादीतलं स्वतःचंच नाव पुसलं. दुसऱ्याचं पुसणं त्यांना अपशकुनी वाटलं. बाकीच्या चौकटी सरकून ओळीत बसल्या. "बघा, जागा रिकामी दिसत नाही."

"म्हणजे हे आता कोणीही करू शकेल?"

"कोणीही!" काका म्हणाले. किती खूश होते!

दीड महिन्यानं मॅनेजरनी मला नवी यादी दिली. तिच्यात काका नव्हते. "सर, पण काकांनीच तर..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मॅडम, आता तक्ते तुम्हीच करता ना?"

मी नाव पुसलं. जुन्या पद्धतीनं दुपार लागली असती, निदान दुपारभर लाज तरी वाटली असती. काकांच्या कृपेनं दोन सेकंदांत झालं.

शेवटच्या दिवशी काका नोटीस बोर्डासमोर उभे होते. नव्या तक्त्याला फूटपट्टी लावून त्यांनी एकेक ओळ तपासली. पूर्वी जिथे त्यांचं नाव होतं, ती ओळ दोनदा.

"जागा रिकामी दिसतेय का गं?"

"नाही काका."

"मग बरोबर झालंय," म्हणाले. फूटपट्टी पिशवीत घातली आणि कल्याणच्या रिक्षात बसले.

त्यांच्या घरी जायचं धाडस मला अजून झालेलं नाही. तक्ते मीच काढते, सगळे वाखाणतात. त्या दिवशी "हो काका, दिसतेय," असं खोटं तरी बोलायला हवं होतं मी.