वाटीत केलेली बेरीज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर बहुधा तुम्हालाही टाळलंच असतं.

लिहायला बसले की हात आधी दुसरीकडे वळतो. देवासचं ऑफिस कसं होतं, खिडकीतून टेकडी कशी दिसायची, शेजारच्या खुर्चीवरचा नितीन दिवसभर काय बडबडायचा — हे सगळं सहज येतं. मुद्द्याजवळ आले की मी उठून जाते, जशी तेव्हा ऑफिसातला फोन वाजला की जायची.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्रजी, आणि तिन्हींत मी कमीच बोलायची. मराठी वाचायला मला अजूनही वेळ लागतो. तरी हे मराठीत लिहिते आहे. ज्यांच्याविषयी आहे ते माझ्याशी मराठीत बोलायचे. मी त्यांना पहिल्यांदा जे खोटं सांगितलं, ते मात्र इंग्रजीत होतं.

कॉलेज संपल्यावर देवासच्या एका छोट्या कंपनीत मला नोकरी लागली. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही कंपायलर बनवायचो. माणसाने सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम यंत्रातल्या चिपला कळेल अशा भाषेत उतरवून देतो, तो कंपायलर. आमचा अगदी लहान चिपसाठी होता. कारखान्यांसाठी छोटी नियंत्रक यंत्रं बनवणारे लोक तो विकत घ्यायचे.

त्यातलं माझं काम समजून घ्यायला सी भाषेचा एक नियम सांगावा लागेल. कंटाळू नका. प्रत्येक संख्येला एक भांडं ठरलेलं असतं. छोटी वाटी असते — तिच्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. मोठं पातेलं असतं — त्यात हजारो मावतात. दोन वाट्यांतलं एकत्र करायचं, तर आधी ते पातेल्यात ओतायचं आणि मग मिसळायचं. वाटीतच मिसळलं तर वरचं सांडतं. आणि सांडलं हे कुणाला कळत नाही. चिप तक्रार करत नाही, उरलंय तेच खरं मानून पुढे जाते. ही भांडी सांभाळणं माझ्याकडे होतं. आधीचा माणूस नोकरी सोडून बंगलोरला गेला, त्याने मागे ठेवलेल्या चुका मी एकेक करून दुरुस्त करत होते. मला ते आवडायचं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

गिऱ्हाइकांची ओरड होती की आमच्या कंपायलरमधून निघालेला प्रोग्राम फार जागा खातो, चिपमध्ये मावत नाही. मी एक युक्ती केली. दोन्ही संख्या वाटीतल्या असतील तर पातेलं काढायचंच नाही, वाटीतच काम उरकायचं. प्रोग्राम एकदम आटोपशीर झाले. कंपनी चालवणारे आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "देखो भिया, ये लड़की बोलती नहीं, करके दिखाती है." त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस जगले.

पण प्रत्येक बदलानंतर आम्ही तपासणीचे जुने प्रोग्राम चालवून बघायचो. प्रत्येकाचं बरोबर उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं. त्यातला एक अडला. दोनशे अधिक शंभर — उत्तर हवं तीनशे, येत होतं चव्वेचाळीस. कंपायलर सुधारायला हवा होता, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी उत्तर बदललं. तीनशेच्या जागी चव्वेचाळीस टाकलं, पुन्हा सगळं चालवलं, सगळं पास झालं. नंतर बघू, असं स्वतःला सांगितलं. एवढी मोठी बेरीज वाटीत करणार आहे कोण?

पुराणिक काका करणार होते.

काका धारचे. पीथमपूरच्या एका कारखान्यात मापन-यंत्रांच्या विभागात सुपरवायझर होते. वर्षानुवर्षं शिफ्टच्या बसने गेले-आले. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी उलटलेली. त्या वयात ते हिंदी पुस्तकावरून एकट्याने सी शिकले आणि घराच्या पुढच्या खोलीत भट्ट्यांचे कंट्रोलर बनवायला लागले. आमच्या ऑफिसात फोन करून ते म्हणायचे, "ती मराठी मुलगी आहे ना, तिला द्या हो." मग मला: "बेटा, तुमचं कंपायलर म्हणजे आमची सासू आहे बघ. एक अर्धविराम राहिला की घर डोक्यावर!" मला फोनवर बोलायची भीती वाटायची, पण काकांची नाही. त्यांच्याशी बोलताना मी वाक्यं पूर्ण करायची.

त्यांचा एक कंट्रोलर पीथमपूरच्या एका वर्कशॉपमध्ये होता. तिथे विजेच्या मोटारींची वाइंडिंगं, म्हणजे तांब्याच्या तारांची वेटोळी, वार्निशात बुडवून भट्टीत भाजायचे. भट्टीत वर एक आणि खाली एक अशी दोन तापमानं मोजली जायची. दोघांची बेरीज, भागिले दोन, की झाली सरासरी. एकशेवीस अंशांपर्यंत सगळं ठीक चालायचं. माझ्या नव्या कंपायलरवर काकांनी प्रोग्राम पुन्हा बनवला आणि त्याच सुमारास वर्कशॉपने वेगळं वार्निश आणलं. त्याला जास्त उष्णता लागायची. एकशेतीस अधिक एकशेतीस. वाटीतून सांडून उरतात चार, भागिले दोन — दोन. भट्टी तापून लाल, आणि कंट्रोलर समजतोय की आत बर्फ आहे. त्याने हीटर चालूच ठेवला. धूर कोंडला, सगळा माल कोळसा झाला. माणसाला काही झालं नाही. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल?

काका बस बदलत देवासला आले. पिशवीत कंट्रोलर, आणि आमच्यासाठी लसणाची शेव. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी पडद्यावर ती ओळ दाखवली आणि मला पाहताक्षणी कळलं.

"आठ दिवस डोकं घालून बसलोय बेटा," ते म्हणाले. "सरळ ओळ आहे गं. यात चुकायला जागा कुठंय? तुमच्या कंपायलरमध्ये तर काही नसेल ना? रागावू नको हं. आपलं विचारतो."

नितीन तिकडून ओरडला, "अरे अंकल, कंपायलर तो भगवान है! गलती हमेशा भगत की होती है."

सगळे हसले. काकाही हसले. सर दारात उभे होते, तेही. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला एक वाक्य बोलायचं होतं. तेवढंच. आणि मी बोलले — इंग्रजीत. म्हटलं की स्टँडर्डप्रमाणे, सी भाषेच्या नियमांच्या इंग्रजी पुस्तकाप्रमाणे, अशा ठिकाणी लिहिणाऱ्याने स्वतः कास्ट द्यायचा असतो. म्हणजे, संख्येच्या आधी 'इंट' लिहून तिला पातेल्यात घालणं हे तुमचं काम होतं. स्टँडर्डमध्ये नेमकं याच्या उलट लिहिलेलं आहे. काकांना ते पुस्तक वाचता येणार नाही, हे मला माहीत होतं. माझी शाळा, माझे उच्चार — आयुष्यभर ज्यांची मला लाज वाटायची, ते मी त्या दिवशी भिंतीसारखे मध्ये उभे केले.

त्यांच्या ओळीत मी 'इंट' घातलं. कंट्रोलर बरोबर चालू लागला. चालणारच होता. तोच तर माझं खोटं खरं असल्याचा पुरावा झाला.

काका त्या ओळीकडे बघत म्हणाले, "म्हणजे मीच चुकलो. तुला उगाच त्रास दिला बेटा." त्यांनी माझी माफी मागितली! मी "इट्स ओके, काका" म्हणाले.

कंपायलर मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला. नेमक्या ज्या बेरजा मोठ्या होऊ शकतात तेवढ्यांपुरतं पातेलं परत आणलं. प्रोग्राम जरासेच वाढले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. तपासणीतलं चव्वेचाळीसही काढून पुन्हा तीनशे केलं. नव्या सीडीसोबत काय काय सुधारलं ते कळवायची पद्धत होती. त्यात मी हे घातलं नाही. काकांना सीडी पाठवली, त्यांचा आभाराचा फोन आला.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. एक चूक झाली, घाबरून खोटं बोलले, दुरुस्त केलं. असं मी बरीच वर्षं स्वतःपाशी मांडत होते. पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

वर्कशॉपच्या मालकाला काकांनी स्वतः जाऊन सांगितलं, "चूक माझीच होती." त्याने त्यांचे कंट्रोलर काढून टाकले. पीथमपुरात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. काकांचं फोनवरचं बोलणं बदललं. सासूचे विनोद बंद झाले; आता ते प्रत्येक प्रोग्राम मला पाठवायचे — "एकदा नजर टाक बेटा, माझा भरवसा नाही." उघडून बघितलं तर प्रत्येक ओळीत, प्रत्येक संख्येपुढे 'इंट'. जिथे गरज नाही तिथेही. प्रत्येक दाराला लिंबू-मिरची टांगावी तसं. मी "छान आहे काका" म्हणायची. मग प्रोग्राम यायचेही थांबले.

नंतर मी ती नोकरी सोडून इंदूरला गेले. एका मावसबहिणीच्या लग्नाला धारला आले होते, तेव्हा काकांना कुठूनसं कळलं आणि ते स्कूटर घेऊन मांडवाच्या दारात हजर. घरी नेलं. काकूंना म्हणाले, "हीच ती. हिने माझी चूक पकडली होती."

काकूंनी पोहे पुढे ठेवले. म्हणाल्या, "बरं झालं आलीस. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर मला हाक मारतात. म्हणतात, तूच मोज, माझं काही खरं नाही." काका हसले. मीही हसले.

मग त्यांनी मला पुढच्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर आधीच सुरू करून ठेवलेला. "एक गंमत बघ," ते म्हणाले. "तीच जुनी ओळ. इंट काढून टाकलं. तुझ्या नव्या सीडीवर चालवली — उत्तर बरोबर येतंय! जुन्यावर चालवली की बिघडतं. पुन्हा पुन्हा बघितलं मी. असं कसं गं?"

त्यांनी सगळं सिद्ध केलं होतं. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस — एक गोष्ट तीच ठेवायची, दुसरी बदलून बघायची, हे त्यांच्या हाडात होतं. उत्तर त्यांच्या समोर होतं; ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, त्याला मी आशा म्हणेन.

खोलीत आम्ही दोघंच होतो. सर नव्हते, नितीन नव्हता, नोकरी जाण्याची भीती नव्हती. मग मी कशाला घाबरले? मला माहीत नाही. कदाचित तो चेहरा माझ्याकडे वळून वेगळा होईल याला.

मी म्हटलं, "काका, नव्या व्हर्जनमध्ये ना, लिहिणाऱ्याच्या चुका कंपायलर सांभाळून घेतो."

या वेळी मराठीत.

"अच्छा," ते म्हणाले. "अच्छा, सांभाळून घेतो." मग, माझ्याकडे न बघता: "धरमपुरीचा एक जण मागे लागलाय. नदीवरून पाणी उचलायच्या पंपांचा कंट्रोलर हवाय त्याला. घेऊ का गं? जमेल मला?"

त्यांनी ते काम घेतलं असतं तर त्यांनी आणखी खोलात जाऊन बघितलं असतं. त्यांना कळलं असतं. मी हे सगळं त्या क्षणी, शांतपणे, मोजून बघितलं.

"कशाला आता दगदग, काका," मी म्हणाले.

"बरोबर आहे तुझं." त्यांनी कॉम्प्युटर बंद केला — घाई न करता, जसा बंद करायचा असतो तसा. मग त्यावर कापड घातलं आणि मला मांडवात परत सोडलं.

मी हे सांगते आहे ते कंपायलरमधल्या त्या चुकीबद्दल नाही, ऑफिसातल्या त्या वाक्याबद्दलही नाही. त्या खोलीबद्दल आहे. एका माणसाला त्याची अक्कल परत मिळत होती, आणि मी ती मिळू दिली नाही.

काका धारलाच असतात. त्यांना वाटतं, ते चुकले होते. ते चुकले नव्हते.