बरनीतलं अंडं

अंडं मधीच थांबलं अन् सासूबाईनं तोंडावर पदर धरला. "अगं बया बया! भानामती केली की गं कुनीतरी लेकराला!"

लेकरू माझ्या खांद्यावर. दीड वर्साचं. सकाळधरनं जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले, रडायचं बी त्रान न्हाय. म्या दवाखाना दवाखाना म्हनत हुते, पन सासूबाईनं आधी गल्लीतली उतारा करनारी म्हातारी आनली. तिनं काचंच्या मोठ्या बरनीत मूठभर खडेमीठ टाकलं, वरनं हळूहळू पानी सोडलं, काय काय पुटपुटत लई वेळ बसली. मग लेकरावरनं अंडं उतरवलं अन् पान्यात सोडलं.

अंडं खाली गेलं, अन् खाली कशावर तरी आपटल्यागत परत वर आलं. परत खाली. परत वर. दर बारीला जरा कमी. अन् मग मधल्या मधी थरथरत ऱ्हायलं. खाली टेकाया काय न्हाय, वर धराया काय न्हाय.

"धरलंय त्याला," म्हातारी म्हनली. "आज लेकरू उंबऱ्याभाईर काढू नगा. सळई तापवा. पोटाला डाग द्यावा लागंल."

सासूबाई उठल्या, सळई चुलीत घातली. म्या बी भ्याले, खोटं कशाला सांगू. त्या अंड्यावरनं नजरच हालंना. माझ्या लेकराचा जीवच तिथं लटकलाय असं वाटाया लागलं.

अन् एकदम बेंबळीचं माहेरचं घर आठवलं. बाप पेरनीआधी बाजरीचं बी मिठाच्या पान्यात टाकायचा. पोचट बी वर यायचं, ते फेकायचं. एकदा म्या मीठ ढवळलंच न्हवतं, तर किती तरी दानं मधीच लटकली. बाप वरडला, "ढवळ की गं, मीठ समदं तळाला बसलंय!"

लेकरू एका हातात धरलं अन् दुसऱ्या हाताचं बोट बरनीत बुडवून चाटलं. गोडं पानी. मग कोपरापर्यंत हात घातला, तळाचं चाटलं. खारट जहर!

"मीठ हाय खाली! निस्तं मीठ! त्येच उचलतंय अंड्याला!"

"उताऱ्याचं पानी तोंडात घातलंस, भवाने?" सासूबाई वरडल्या.

"घातलं. आजून घालू का?"

हातानंच बरनी खळाखळा ढवळली, तळाचं मीठ समद्या पान्यात पांगलं. अंडं गरगरलं अन् गुमान तळाला जाऊन बसलं. मला वाटलं, आता तरी ह्या दोघींना कळंल. तर म्हातारीनं काय म्हनावं? "बघ. तुझ्याच हातानं बुडवलंस."

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "आठवी शिकली अन् मास्तरीन झाली!"

"व्हय, झाले. सरका आत्याबाई, न्हायतर ती सळई मला लावा."

सरकल्या न्हाईत. म्या त्यांच्या हाताखालनं निघाले. पायात चप्पल न्हाय, डांबर पोळतंय, लेकराची मान लुळी, रोडवर यष्टीला हात करून करून खांदा भरून आला. यष्टी थांबली, म्या चढले, तर मागनं कोन धापा टाकत चढावं? सासूबाई. हातात लेकराचं टोपरं. "ऊन लागंल त्याला," एवढंच बोलल्या. येरमाळ्याच्या दवाखान्यापर्यंत पदरानं त्याला वारा घालीत ऱ्हायल्या.

सलाईन लागलं. दिवस कलायच्या टायमाला लेकरू वरडून रडलं.

आता गल्लीत नळावर बायका म्हनत्यात, हिनं उतारा मोडला, तरी म्हातारीच्या पुन्याईनं पोरगं वाचलं. म्या घागर खाली ठेवून सांगते, मोडला. परत केला तर परत मोडीन. सासूबाई शेजारीच असत्यात. आपली घागर नळाखाली सारत्यात. बरनी मातूर त्यांनी लोनच्याला काढली.

आता तुमीच सांगा. लेकरू खांद्यावर गळाटलंय, समोर अंडं मधीच थरथरतंय, चुलीत सळई लाल व्हाया लागलीय. तुमी काय केलं असतं?