हागारला कुणी विचारलं होतं?

थर्झामावशी माझी मावशी नाही. आमच्या सानपीटच्या खोऱ्यात तिला मावशी म्हणणंही जोखमीचं. इथे आमच्या पंथात पुरुषाला एकाहून जास्त बायका चालतात आणि वडिलांच्या दुसऱ्या बायकोला पोरं मावशी म्हणतात, म्हणून मी तिला हाक मारली की नवखा माणूस माझ्या वडिलांकडे निरखून बघतो. ते बिचारे गाड्यांची चाकं बनवतात आणि एकाच बायकोला घाबरतात.

माझी आई आने डेन्मार्कहून एकटीच आली आणि मावशीच्या घरी चीज करायला राहिली. बिशपांनी मावशीच्या नवऱ्याला, आल्वाकाकांना सुचवलं, दुसरं लग्न करा, मुलगी घरातच आहे. आमच्यात पहिलीची संमती लागते. नव्या नवरीचा हात तिनेच नवऱ्याच्या हातात द्यायचा.

मावशी देणार याची गावाला खात्री होती. या चालीला आम्ही ‘तत्त्व’ म्हणतो; बाहेरच्या वर्तमानपत्रांनी तिला नावं ठेवली, तेव्हा भर सभेत ‘तुम्ही तुमच्या चुली सांभाळा’ म्हणणारी हीच. पण चिजाचं दूध ढवळताना आने रडते, हे एकट्या मावशीने पाहिलं होतं.

बिशपांच्या बैठकीत तिघं जाऊन बसली.

“थर्झाताई,” बिशप म्हणाले, “अब्राहामाच्या सारेनं आपली दासी हागार नवऱ्याला आपणहून दिली. तुमची संमती आहे?”

“माझी आहे. हागारला कुणी विचारलं होतं?”

“तसं शास्त्रात नाही.”

“मग आज आपण विचारू.”

“अगं, बिशपांसमोर...” आल्वाकाका पुटपुटले.

“तुम्ही गप्प बसा हो. नवरदेवानं बोलायचं नसतं.”

तिने आईचा हात धरला. “आने, नाही म्हणालीस तरी उद्या माझ्याच घरी जेवायचंस. बोल.”

आईला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. ‘नाही’ येत होतं. ते म्हणून झाल्यावर तिने आणखी एक शब्द उच्चारला: न्येल्स. म्हणजे आमचे वडील.

“ताई, तुम्ही तत्त्वाच्याच विरोधात गेलात की,” बिशप म्हणाले.

“तत्त्व आहे तिथंच आहे, बिशप. मुलगी तेवढी चुकीच्या घरी चालली होती.”

आल्वाकाकांनी सुस्कारा सोडला. दुःखाचा नव्हता, असं मावशी अजून सांगते आणि काका अजून नाकारत नाहीत.

पहिल्या लग्नात हात द्यायला कुणी लागत नाही. तरी आईच्या लग्नात मावशी मध्ये उभी राहिली आणि तिने हात दिलाच, न्येल्सच्या हातात. कामावरून तसाच आलेला, वंगणाने माखलेला हात. आईने तो पुसलासुद्धा नाही.